पिनेवरचं बोट

काकूचा आवाज काही एका दिवसात बसला नाही. आधी तो चिरका झाला, मग फाटला, मग बोलता बोलता मध्येच दडी मारू लागला. आणि एका सकाळी "कॉलर कोणी उलटी लावली?" असं विचारायला काकूनं शिवणखोलीत तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला. उलटी कॉलर लावणारी बाई काकूकडे शिवायला येणाऱ्यांत सगळ्यांत जुनी, तिला सगळे कॉलरवालीच म्हणत. तिनं मान वर करून पाहिलं. काकूचं तोंड उघडं दिसलं. जांभई असेल म्हणून तिनं पुन्हा मान खाली घातली आणि दुसरीही कॉलर उलटी लावली.

काकूला पोटची मुलंसुद्धा काकूच म्हणत. दिराची मुलं आधी बोलायला शिकली, त्यांनी म्हटलं ते नाव चिकटलं. त्या हिशेबानं नवऱ्याला सगळे काका म्हणत. काकांनी सगळी नोकरी पाणीखात्यात केली. बाहेर गावाचे नळ सोडायचे आणि घरात आल्यावर तोंडाचा नळ बंद ठेवायचा, असं त्यांचं सरळ आयुष्य गेलं होतं.

डॉक्टरनं काकूच्या घशात दिवा घालून पाहिलं. म्हणाला, "गाठी आल्यात. दीड महिना ओरडणं एकदम बंद. बोलायचं ते हळू, शेजारच्याला ऐकू जाईल इतकंच. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल." आणि मग, जखमेवर मीठ चोळायची काही गरज नसताना, त्यानं विचारलं, "घरात बोलणारं दुसरं कोणी आहे ना?"

दुसरं कोणी होतं, हीच तर काकूची धास्ती होती. थोरली सून नवऱ्याबरोबर परगावी. धाकटी घरात, आणि शिवणखोलीत कटिंगच्या टेबलावर. तिचा हात चांगला होता, डोकं थंड होतं, आणि ती मोठ्यानं कधी बोलत नसे. अशा माणसापासून सांभाळून राहावं, हे काकूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

धाकट्या मुलानं त्याच रात्री जेवताना विषय काढला. "काकू, तू मागच्या खोलीत आराम कर. दीड महिन्याचा तर प्रश्न. पुढचं धाकटी बघेल."

बोलणं किती प्रेमाचं! पण काकू काही काल जन्मलेली नव्हती. या घरात पुढची खोली म्हणजे शिवणखोली आणि मागची खोली म्हणजे मागची खोली. काकूची सासूही अशीच थोडे दिवस म्हणून मागच्या खोलीत विश्रांतीला गेली. ती पुढं आली ती चौघांच्या खांद्यावरून. सासूची ती खिडकीजवळची हात असलेली खुर्ची रिकामी राहायला नको म्हणून तिच्यात कोण बसलं, हे सांगायला नको. म्हणून काकूनं ताट बाजूला सारलं आणि कुजबुजली, "खुर्चीत मीच बसणार." कुजबुजत सांगितल्यामुळे त्याला काही वजन आलं नाही. मुलगा म्हणाला, "काय? आमटी?"

दुसऱ्या दिवशी काकू खुर्चीत बसली खरी, पण पाच मशीनं एकदम चालू असताना कुजबुजणारं माणूस आणि भिंतीवरचं कॅलेंडर यांत फारसा फरक नसतो. सल्ले देणाऱ्यांची मात्र रीघ लागली. शेजारीण म्हणाली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. इस्त्रीवाला म्हणाला, घंटी ठेवा. घंटी ठेवली, तर ती वाजली की पाचही बायका चहा आला समजून उठत. वरच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी मुद्दाम खाली येऊन म्हणाले, "काकू, पाटी वापरा. लिहून दाखवा." काकूनं शाळा पाहिली होती ती बाहेरून जास्त आणि आतून कमी. तरी तिनं मानानं पाटी घेतली आणि लिहिलं, 'बाही लांब'. बायका मशीन सोडून पाटीभोवती जमल्या. एक म्हणाली, "बाई लाव". दुसरी म्हणाली, "बाकी थांब". कॉलरवाली म्हणाली, "मला तर हे चित्र वाटतंय." काकूनं पाटी खुर्चीखाली सरकवली आणि त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही.

तेव्हा धाकटी माळ्यावर चढली आणि तो डबा खाली घेऊन आली.

त्या डब्याचा आणि काकूचा उभा दावा होता. धाकट्या मुलाला लग्नाआधी कोणा एका मुलीवर छाप पाडायची होती. त्यासाठी त्यानं सगळ्यांत स्वस्तातली गिटार आणि सगळ्यांत स्वस्तातला हा आवाज मोठा करायचा डबा विकत घेतला होता. काळं रेक्झिन, पुढं जाळी, वर तीन खुंट्या, एक लाल बटण, धरायला प्लास्टिकची मूठ. पोराला एकच गाणं येत होतं, तेही निम्मं. ते निम्मं गाणं ऐकून मुलगी हो म्हणाली, यावरून तिची परीक्षा काकूनं तेव्हाच केली होती. मुलगी म्हणजे हीच धाकटी. लग्न झालं, गिटार कोणा मित्राकडे गेली ती गेली, आणि डबा माळ्यावर पडला. ज्या डब्यानं सून घरात आणली त्याच्या तोंडाला लागायची वेळ आपल्यावर येईल, असं काकूला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण अडला हरी.

गल्लीतल्या वायरमननं त्याला जोडायला एक प्लास्टिकचा माइक आणून दिला. माइकच्या वायरीच्या टोकाला बोटाएवढी लोखंडी पिन होती. ती डब्याच्या भोकात घातली आणि वायरमननं बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

नुसतं घूं नव्हे. खिडकीच्या काचा थरथरल्या, बॉबिनच्या डब्यात बॉबिनी नाचायला लागल्या. काकू माइकमध्ये काय बोलली ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. "काढ, काढ," असं तिनं हातानं खुणावलं. धाकटीनं पिन उपटायला हात घातला, आणि तिचं बोट पिनेला लागताक्षणी डबा गप्प झाला. एकदम गप्प. त्या शांततेत काकूचे शब्द सगळ्या खोलीभर स्वच्छ ऐकू आले: "मेल्यानं काय पिडा आणून ठेवली!"

वायरमननं शब्द मनाला लावून घेतले नाहीत. त्यानं धाकटीला बोट उचलायला सांगितलं. घूं. ठेवायला सांगितलं. गप्प. "अर्थिंग नाही तुमच्या वायरिंगला," तो म्हणाला. "माणसाचा हात लागला की घरघर थांबते. कायमचं थांबवायचं तर अंगणात खड्डा खणून सळई पुरायला लागेल. त्याला सोसायटीची परवानगी हवी."

सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणाले, "विषय पुढच्या बैठकीत घेऊ." ती बैठक म्हणजे क्षितिज. दिसते, पण जवळ जाता येत नाही.

तोवर काय करायचं? काकूच्या खुर्चीजवळ, हाताच्या अंतरावर होतं ते एकच टेबल, कटिंगचं. बाकीच्या बायकांचे हात मशीनवर आणि पाय पायट्यावर. आधी काकांना बसवून पाहिलं. काकांनी नोकरीत असावं तशा निष्ठेनं पिनेवर बोट ठेवलं आणि लगेच डोळे मिटले. डुलकी लागली की बोट घसरे, डबा घुमे, काका दचकून जागे होत आणि "पाणी सोडलं, पाणी सोडलं" म्हणत. त्यांना पेन्शनवर परत पाठवलं.

राहिली धाकटी.

तेव्हा या घरात अशी एक गोष्ट सुरू झाली की जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसेल. काकूला कोणावर तोंड सोडायचं असेल तर ती माइक तोंडाशी धरायची आणि हळूच म्हणायची, "बोट ठेव." धाकटी कात्री खाली ठेवायची, पिनेवर बोट ठेवायची, आणि मग काकूचा आवाज निघायचा. कॉलरवालीपर्यंत ठीक होतं. पण मुख्य बोलणी खायची असत ती धाकटीनंच.

"बोट ठेव."

धाकटी बोट ठेवी.

"ही बाही कापलीस की तोडलीस? खडूची रेघ काय शोभेला असते?"

"चुकलं, काकू."

"वर बोलू नकोस."

"नाही, काकू."

"बोट हलवू नकोस गं!"

आपल्याच तोंडात मारून घ्यायला आपलाच हात पुढं करावा, तशी ती बसे. एखादीनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं. धाकटी शांतपणे बोलणी ऐके, बोट उचले, कात्री घेई. काकूला याचा फार राग येई. भांडायचं तर समोरच्यानंही थोडा हात लावावा. नुसतं बोट लावून कसं चालेल?

एकदा घाईत काकूच्या कोपरानं ते लाल बटण दाबलं गेलं. गिटारवाल्यांना आवाज मुद्दाम फाडायचा असला की ते दाबतात म्हणे. काकूनं फक्त एवढंच म्हटलं होतं, "दोरा संपला का?" पण डब्यातून जो आवाज आला तो विहिरीत पडलेल्या रेड्यानं सूड घ्यायची शपथ घ्यावी तसा आला. दोरा संपलेली बाई पिशवी न घेताच घरी गेली. ती परत आली तेव्हा तिचं काम इतकं सुधारलं होतं, की काकूनं ते बटण अडीअडचणीला म्हणून लक्षात ठेवलं.

सगळ्याचं असं बस्तान बसत होतं, तेवढ्यात सेक्रेटरी आले. डबा दिवसभर चालूच असे, त्यामुळे वर त्यांच्या पायांखालची फरशीही दिवसभर गुणगुणत होती. "काकू, वस्तीत भोंगा लावायला परवानगी लागते. आणा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

काकू म्हणाली, आणते. डबा पिशवीत घातला, धाकटीला बरोबर घेतलं आणि कचेरीत गेली. बाहेर दोन रांगा होत्या. एका रांगेत उभं राहिल्यावर कळे की दुसरी बरोबर होती. खिडकीवर काच होती, काचेत बोलायला भोक होतं, आणि भोकापलीकडे कारकून.

"भोंग्याची परवानगी," काकू कुजबुजली.

"मोठ्यानं बोला."

"मोठ्यानं बोलता येत नाही म्हणून तर भोंगा."

"बाई, ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

काकूनं धाकटीकडे पाहिलं. डबा पिशवीतून निघाला असता, पण परवानगी मागायला तोच वाजवला तर गुन्हा तिथंच झाला असता. नाइलाजानं काकू बाजूला झाली आणि धाकटी भोकाशी वाकली. इतक्या वर्षांत कुठल्याही खिडकीवर काकूच्या वतीनं दुसरं कोणी बोललं नव्हतं. काकूनं तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं, म्हणजे निदान लगाम तरी हातात राहील.

"कशासाठी हवाय?" कारकून म्हणाला. "सभा, प्रचार, जाहिरात?"

"शिवणखोलीत सूचना द्यायला."

काकूनं पदर ओढला. "सूचना काय? बोलणी म्हण, बोलणी."

"बोलणी द्यायला," धाकटी म्हणाली.

"तसा प्रकार आमच्याकडे नाही." कारकूनानं डबा मागवून घेतला, उलटा केला, मागची पट्टी वाचली, आणि मोठ्या साहेबाकडे नेला. साहेबानंही उलटा केला. बऱ्याच वेळानं कारकून परत आला. "हा भोंगा नाही. हे वाद्याचं सामान आहे. यावर लिहिलंय, सरावासाठी. दिवसा सराव करायला परवानगी लागत नाही. कार्यक्रम मात्र करायचा नाही. वाजवतं कोण?"

धाकटीनं काकूकडे बोट केलं.

कारकूनानं काकूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कधीपासून?"

"माझं लग्न व्हायच्या आधीपासून," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा इतका साधा होता की काकूला रागावायला कुठं जागाच सापडेना.

घरी येऊन ही हकीकत काकांना सांगितली. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं सराव चालला होता होय? मला वाटायचं कार्यक्रम." आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले.

काकूला हे फार लागलं. पण त्याहून मोठी गोष्ट समोर उभी होती. शाळेच्या गणवेशाचं काम. ते मिळालं तर वर्षभर मशीनं थांबायची नाहीत. नाही मिळालं तर मुलगा पुन्हा आराम म्हणणार, आणि मागच्या खोलीतल्या पलंगावरची चादर काकूच्या देखत बदलून झालेली होती. नमुन्याचा सदरा काकूनं कोणाला हात लावू दिला नाही. खिसासुद्धा स्वतः लावला.

शाळेच्या मोठ्या बाई सदरा बघायला आल्या. काकू खुर्चीत ताठ, माइक हातात. धाकटी टेबलाशी, बोट पिनेवर. कॉलरवालीसुद्धा त्या दिवशी कॉलरी सुलट लावत होती. मोठ्या बाईंनी सदरा उजेडात धरला, शिवण ओढून पाहिली, कॉलर वाकवून पाहिली. सगळं पसंत पडलं. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "खिसा जरा तिरका वाटतो."

खोलीतली सगळी मशीनं आपोआप थांबली.

काकूच्या कानशिलांत रक्त चढलं. तिरका! सासूच्या हाताखाली खिसे लावलेली ती बाई, आणि तिरका! आता यावर काकूच्या तोंडून एक वाक्य निघालं. वाक्य असं होतं, की त्यात मोठ्या बाईंचा चष्मा आला, त्यांची शाळा आली, तिथून शिकून निघालेल्या पोरांची गत आली, आणि शेवटी तिरकं नक्की काय आहे तेही आलं. गेल्या दहा वर्षांत इतकं भरलेलं, इतकं नेमकं वाक्य तिला सुचलं नव्हतं.

"बाई, खिसा सरळ आहे. तिरकं आहे ते..." इथपर्यंत ते ऐकू आलं.

पुढं घूंऽऽऽ.

धाकटीनं बोट उचललं होतं.

काकूनं वाक्य थांबवलं नाही. असं वाक्य मध्ये थांबत नाही. ओठ हलत राहिले, डोळे पेटत राहिले, आणि डबा घुमत राहिला. ते संपल्यावर, अगदी शेवटचा शब्द होऊन गेल्यावर, धाकटीनं बोट परत ठेवलं.

"काय म्हणाल्या त्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, तिरकं राहिलं असेल तर उसवून पुन्हा लावून देते, आत्ताच्या आत्ता," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या. "इतक्या अनुभवी बाईनं असं म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे असलं कोणी ऐकून घेत नाही." काम काकूला मिळालं. जाताना त्यांनी काकूला हात जोडून नमस्कारसुद्धा केला. काकूला तो घ्यावा लागला. न बोललेल्या शब्दांबद्दल मिळालेला नमस्कार घशातून खाली उतरायला फार वेळ लागतो.

त्या गेल्या. शिवणखोलीत कोणी दोरा ओवायलाही धजेना. कॉलरवालीनं पिशवी जवळ ओढून ठेवली होती, पळायची वेळ आली तर बरी म्हणून. काकूनं माइक उचलला. तिनं एकदा लाल बटणाकडे पाहिलं.

"बोट ठेव," ती म्हणाली.

धाकटीनं ठेवलं. बोट तिनं इतकं दाबलं, की नख पांढरं पडलं. काकूनं ते पाहिलं. पोर घाबरली होती तर. घाबरून उचललं होतं तिनं ते बोट. आणि तरी उचललं होतं.

काकूनं लाल बटणाला हात लावला नाही.

"खिसा खरंच तिरका होता?"

धाकटीनं मान खाली घातली. "सूतभर, काकू."

"सूतभर?"

"थोडा जास्तच."

काकू खुर्चीतून पुढं वाकली. मग सदरा तिनं स्वतःच ओढून घेतला आणि म्हणाली, "चष्मा आण माझा. आणि तुम्ही सगळ्या काय बघताय? इथं काय कार्यक्रम आहे?"

दीड महिना झाला. डॉक्टरनं पुन्हा दिवा घातला. "गाठी विरल्या," तो म्हणाला, "पण आवाज आता एवढाच राहील. ओरडण्यावर कायमची फुली." मुलगा रात्री जेवताना मागच्या खोलीबद्दल काही बोलेल म्हणून काकू कंबर कसून बसली. पण गणवेशाचं कापड मागच्या खोलीतल्या पलंगावरच रचून ठेवलेलं होतं, छतापर्यंत. तिथं आता मांजरालाही आराम करता आला नसता. मुलगा म्हणाला, "काकू, आमटी वाढ."

आणि एक दिवस सेक्रेटरी स्वतः वायरमनला घेऊन खाली आले. वायरमनच्या खांद्यावर तांब्याची सळई. फरशीची गुणगुण ऐकून ऐकून सेक्रेटरींचे डोळे खोल गेले होते. "काकू, परवानगी दिली," ते म्हणाले. "बैठकीची वाट पाहिली नाही, माझ्या अधिकारात दिली. आजच खड्डा खणू, सळई पुरू, घरघर कायमची बंद. मग कोणी बोट ठेवायला नको, काही नको."

धाकटीनं कात्री खाली ठेवली. काकूनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं सळईकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, माइक तोंडाशी नेला. काही सांगावं लागलं नाही. बोट आपणहून पिनेवर आलं.

"खड्डा नको," काकूचा आवाज खोलीभर स्वच्छ गेला. "उगाच अंगण कशाला उकरायचं? आमचं चाललंय तसं ठीक आहे."

"अहो काकू, पण ती घरघर!"

"सराव आहे," काकू म्हणाली. "दिवसा चालतो. कचेरीत विचारा."

वायरमन सळई घेऊन गेला. त्याच्यामागून सेक्रेटरी गेले. जिना चढताना त्यांनी कठडा धरला होता. मशीनं पुन्हा सुरू झाली. काकू माइक तोंडाशी तसाच धरून वाट बघत बसली. धाकटीनं बोट उचललं, कात्री घेतली. डबा घुमायला लागला, काचा थरथरायला लागल्या. तेव्हा कुठं काकूनं मान जराशी वळवली आणि त्या घरघरीत दोन शब्द बोलली.

ते कॉलरवालीला ऐकू आले नाहीत, कोणालाच आले नाहीत. धाकटी हाताच्या अंतरावर होती, पण तिनं मान वर केली नाही. कात्री मात्र बाहीच्या मधोमध एकदा थांबली, आणि मग रेघेवरून सरळ पुढं गेली.